आजीचे पाय बंद

शाळेच्या बाईंनी प्रवेश देताना गोड आवाजात एकच अट घातली होती. मूल डायपर घालून पाठवायचं नाही. शू लागली की सांगता यायला हवं आणि छोट्या कमोडवर बसून करता यायला हवं. पहिल्या दिवशी बघू, नाही जमलं तर जागा दुसऱ्याला देऊ, तुम्ही दिवाळीनंतर या. ही गोष्ट मार्चमधली. तेव्हा आम्ही हसत हसत मान डोलावली, कारण जून लांब होता.

मग जून आला. सूनबाईच्या सातपूरच्या कंपनीने घरून काम करायची सवलत महिनाअखेरपर्यंतच राहील असं कळवलं. माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. मुलगा विंचूरला नोकरीला, तो सकाळी अंधारात निघतो आणि अंधारातच परततो. त्यामुळे तिसरं वर्ष पुरं व्हायला आलेल्या आमच्या नातीने शाळेत आणि शाळेला जोडून असलेल्या पाळणाघरात जायचं, नाहीतर सूनबाईने नोकरी सोडायची, एवढे दोनच रस्ते उरले होते. हे ती तोंडाने बोलत नव्हती. भांडी मात्र जोरात आपटत होती.

तिने ऑनलाइन एक बदक मागवलं होतं. पिवळं प्लास्टिकचं, मुलांनी शी-शूला बसायचं. त्यात काही पडलं की ते गाणं म्हणायचं. नातीला ते फार आवडलं. तिने त्यात कांदे भरून ठेवले, बाहुलीला आंघोळ घातली, एकदा माझा चष्मा टाकून गाणं वाजवून घेतलं. स्वतः मात्र एकदाही बसली नाही.

सूनबाई आतल्या खोलीत दार लावून मीटिंगला बसायची. बाहेर आली की विचारायची, "आई, बसली का ती?"

"बसली की."

"केली?"

"छान केली."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. कशावर बसली, ते तिने कधी विचारलं नाही.

ती बसायची माझ्या पायांवर. ज्या घरात आजी आहे त्या घरात हे सांगायला नको, तरी सांगते. न्हाणीघरात बसकं स्टूल घ्यायचं, पाय पुढे लांब करायचे, पावलं जरा फाकवायची आणि त्यावर बाळाला बसवायचं. त्याच्या पाठीला आपल्या नडग्यांचा आधार होतो. मग तोंडाने बारीक "शूऽऽ शूऽऽ" करायचं की झालं काम. नात मान धरायला लागल्यापासून मी हेच करत आले. फक्त तेव्हा ती बोचक्याएवढी होती आणि आता तिचे पाय फरशीला टेकायचे. एखादी पाहुणी दिवाणावर ऐसपैस बसावी तशी ती माझ्या पावलांवर बसून गप्पा मारायची. "आजी, तुझी नखं मोठी झाली." "आजी, हा अंगठा वाकडा का?"

एके दुपारी सूनबाईची मीटिंग लवकर संपली. न्हाणीघराचं दार उघडं होतं. ती दारात उभी राहिली. बदक कोपऱ्यात, त्यात कांदे, आणि आम्ही दोघी शू शू करतोय.

"आई!"

"अगं, हळू. अर्ध्यात थांबेल ती."

ती थांबलीच. उठून उभी राहिली आणि आईला म्हणाली, "मम्मी, तू बाहेर जा."

हे मात्र लागलं सूनबाईला. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता म्हणाली, "आई, शाळेत डब्यातून तुमचे पाय पाठवू का?"

"पाठव. पोळीत गुंडाळ."

"हसू नका हो. मला झोप नाही लागत. आणि तुम्ही रोज सांगता, आमच्या वेळी नवव्या महिन्यात पोरं तयार व्हायची."

सांगत होते खरी. वर्षानुवर्षं सांगत होते, अगदी छाती फुगवून. आता त्या नवव्या महिन्यातल्या बाईची काय थोरवी सांगू! मी तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळी केसात बक्कल खोचून निघायची ती दिवेलागणीला घरी यायची. माझ्या मुलाला पायांवर बसवलं ते सासूबाईंनी. मला मिळायचं ते पावडर लावलेलं, कोरडं, हसरं बाळ, जसं काही दुकानातून आणलेलं. तरी कचेरीत डबा खाताना मी इतर बायकांना शिकवायची, "शिस्त लावावी लागते हो, वेळ पाळावी लागते." एका दसऱ्याला सासूबाई नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या. त्या परत येईपर्यंत ही शिस्तीची बाई घरभर वर्तमानपत्रं अंथरून पोरामागे डबा घेऊन धावत होती. पोरगं प्रत्येक वेळी नेमकं वर्तमानपत्र सोडून फरशीवर करायचं. शेवटी मी त्याच्याबरोबर बसून रडले. सासूबाई आल्या, प्रवासाची पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच विचारलं, "हिला काय झालं?" त्यांना काळजी माझी वाटली, पोराची नाही.

तर सूनबाईने हुकूम काढला. आजीचे पाय बंद. नात न्हाणीघराकडे निघाली की मी गॅलरीत जायचं. मी गेले. नात गॅलरीत आली. मी उकाड्यात पायात मोजे चढवले. तिने ते ओढून काढले आणि पावलं दोन्ही हातांनी धरून ठेवली, मी कुठे पळून जाईन म्हणून.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. पोरगी बदकावर बसेना आणि पायही मिळेनात, म्हणून ती सगळं धरून ठेवायला लागली. पोट दगडासारखं. चेहरा लाल करून सोफ्याच्या मागे उभी राहायची आणि कुणी बघितलं की ओरडायची, "बघू नको!" आम्ही मनुका भिजवून दिल्या, तूप घातलेलं गरम पाणी पाजलं. सूनबाई बदकासमोर मांडी घालून मोबाइलवर गाणी लावायची, स्टिकर दाखवायची, चिडायची, पुन्हा जवळ घ्यायची. मी या खोलीतून त्या खोलीत. दूध उतू गेलं, फोन फ्रिजमध्ये सापडला. रविवारी सकाळी विहारात वंदनेला बसले. डोळे मिटले, सगळीकडे शांत, आणि माझ्या मनात एकच: झाली असेल का? वंदना संपायच्या आत उठले. शेजारची म्हणालीसुद्धा, "काय हो, गॅसवर काही ठेवून आलात का?"

"पोरीचं पोट ठेवून आलेय," म्हटलं आणि चपला शोधायला लागले.

घरी आले तर नात न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून मुसमुसतेय आणि सूनबाई आत भिंतीला टेकून. दोघींची नाकं सारखीच लाल. उद्या शाळा.

मी पदर खोचला. "सरक. आज एकदा बसवते. पोट तरी मोकळं होऊ दे. शाळेचं उद्या बघू."

सूनबाईने मान हलवली. "नको आई. तुमचं ऑपरेशन झाल्यावर काय करू?" मग ओढणी कमरेला बांधत, "मी बसवते. कसं करायचं ते सांगा."

तिने सलवार वर घेतली आणि खाली फरशीवरच बसली. पाय लांब केले. नातीने ते पाय निरखून पाहिले, बोटाने दाबून पाहिले.

"हे तुझे आहेत."

"हो, माझे. चालतील?"

"गार आहेत."

"बसलीस की गरम होतील."

ती बसली. उठली. पुन्हा बसली. मी बाहेरून सवयीने "शूऽऽ" केलं तर आतून दोघींचे आवाज एकदमच आले.

"आई, तुम्ही नका."

"आजी, तू नको."

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून ठेवला. आत काय चाललंय ते ऐकू येऊ नये म्हणून आणि यावं म्हणूनही. बऱ्याच वेळाने बदकाचं गाणं वाजलं. सूनबाई हुशार. नात उठून पुन्हा बसायच्या आत तिने बदक खाली ओढून आपले पाय हळूच त्याच्या दोन्ही अंगांना सरकवले होते. खाली बदक, बाजूला आईचे पाय, आणि नात आईचे अंगठे धरून त्यावर. सूनबाई घामाने निथळून बाहेर आली, माझ्या खांद्याला डोकं लावून हसली की रडली ते मला कळलं नाही. मला आनंद झाला. थोडा मत्सरही झाला, तो मी गिळला.

पण घर वेगळं आणि शाळा वेगळी. सोमवारी आम्ही दोघी फाटकाबाहेर. सूनबाईने अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली. ती घड्याळ बघतेय, मी शाळेच्या खिडक्या. आतून एक मूल रडलं की ती म्हणायची, "आपलीच." मी म्हणायची, "आपलीचा आवाज जाड आहे." पुन्हा कुणी रडलं की मीच दाराकडे धावायची. रसवंतीवाल्याने बसायला बाकडं दिलं, त्यावर आमच्यातली एकही धड बसली नाही.

शाळा सुटली. नात आली ती बाईंचा हात धरून. सूनबाईने रस्त्यातच गुडघे टेकले आणि तिचा फ्रॉक चाचपला. सकाळचाच होता. कोरडा.

"शू केली, बाळा?"

"केली."

"कुठे? कमोडवर? कुणी बसवलं? बाईंनी धरलं का?"

नातीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ मुडपले.

"सांगणार नाही."

बाई हसल्या. "केली हो, नीट केली. उद्या याच वेळेला सोडा, डबा थोडा मोठा द्या."

सूनबाई तिथेच पर्स उघडून रुमाल शोधत राहिली. रिक्षात बसल्यावर मी नातीच्या कानाशी लागले, मला एकटीला सांग म्हटलं, चिक्की कबूल केली. तिने बाहेर तोंड फिरवलं आणि आईच्या मांडीवर पाय ताणून झोपून गेली. आम्ही दोघी घर येईपर्यंत तर्क लढवत होतो.