मावसाजींचा कान आणि मावशीचं हसू

मोबाइलवरचे विनोदी व्हिडिओ माझ्या मावसाजींइतके मन लावून ऐकणारा माणूस उभ्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. ऐकणारा म्हणतो, कारण ते पाहत नाहीतच; मोबाइल कानाशी धरून डोळे मिटतात. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत ते पडद्यामागे बसत. पत्रा हलवून वीज पाडायची, करवंट्या आपटून घोडा दौडवायचा, ही त्यांची कामं. त्यामुळे मीममध्ये कोणी धपकन पडलं की आपण हसतो आणि मावसाजी विचारतात, "हा आवाज कायचा व्हय?" बोलता बोलता माणूस अडकला की येणारा 'खर्रर्र' हा तबकडीवरून सुई घसरल्याचा आवाज, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. तबकडी जन्मात न पाहिलेली पोरं त्यावर हसतात कशी, याचं नवल करत ते दोन दिवस धानाच्या बांध्यांतून हिंडले. रडकं व्हायोलिन वाजलं की मात्र खरंच हळवे होतात.

आवडलेले आवाज ते मोबाइलमध्ये साठवून ठेवतात. दवनीवाड्याला त्यांच्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मुलीचे काका उभे राहून, आपल्या घराण्यात आजवर कोणी खोटं बोललं नाही, असं सांगत होते, तेवढ्यात मावसाजींच्या खिशातून भोंग्याचा रडका 'प्वां प्वां प्वांऽऽ' निघाला. साऱ्या माना वळल्या. मावसाजींनी घाईने बंद करायला बोट लावलं, तर मोबाइलमधून टाळ्या वाजल्या. काकांनी टोपी चढवली. आता ही मंडळी उठणार, असं वाटलं. आणि मावशी हसली. कोरड्या हापशीने आधी दोन-तीनदा नुसती हवा ओढावी आणि मग भडाभडा पाणी यावं, तसं तिचं हसू. ते ऐकून नवरी हसली, शेवटी काकाही. लग्न मोडता मोडता राहिलं.

शूटिंगमधून तेवढं हसू कापून कोणीतरी पुढे पाठवलं. आता व्हिडिओत बैल बिथरो की नवरदेव घसरो, मागे मावशीच हसते. हे हसणं कोणाचं, हे बाहेर कोणालाच माहीत नाही.

मावशी सात महिन्यांपासून पुण्याला आहे, लेकीचं बाळ सांभाळायला. मावसाजी दुपारी तिरोड्याच्या बसस्टँडवर चहा घेत बसतात. शेजारच्या पोरांच्या मोबाइलवर कधीतरी ते हसू येतं. तिला फोनच का लावत नाही, असं मी एकदा विचारलं.

"रोज लावतो ना," ते म्हणाले. "फोनवर ते 'जेवले का' येवढंच इचारते. हासत नाही."