अक्कानं विंडोज काढलं

थांबा, हातातली कामं ठेवा बाजूला, हे आत्ताच सांगितलं पाहिजे! आमच्या माधवनगरच्या शेजारणीबद्दल, अक्काबद्दल. लॅपटॉपच्या झाकणावर बोटांनी टकटक करत ती म्हणायची, "ह्याला झेपंल तेवढंच घालायचं."

लॅपटॉप म्हणजे तिच्या भावाच्या पुण्याच्या ऑफिसनं टाकून दिलेला. एवढासा. मेमरी त्याहून एवढीशी. बॅटरी मेलेली, लाईट गेली की हा पण गेला. आत विंडोज होतं. ते सुरू होईस्तोवर आमचा चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा! आणि गाड्यांच्या शर्यतीचा गेम तर लंगडतच चालायचा. अक्कानं एका दुपारी विंडोज पुसलं आणि त्याच्या आधीचं जुनं डॉस टाकलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस न्हाई, काय न्हाई. पण गेम? लय सुसाट!

कॉम्प्युटर क्लासचे सर म्हणाले, "अगं, सगळे पुढं चाललेत आणि तू मागं?"

"सर, बसता का शर्यतीला? मग बघू कोण मागं ऱ्हातंय."

सर काय बसले नाहीत.

तिचे वडील, आबा, मात्र चिडायचे. "शिकायला दिलंय ते. खेळायला न्हाई."

"आवं आबा, सुरू तर होऊ दे, मग शिकते."

मग शिराळ्याचं स्थळ आलं. पोरगी कॉम्प्युटर शिकलीय असं आबांनी सांगून ठेवलेलं. पाहुण्यांना दाखवायला म्हणून त्यांनी भावाच्या मित्राकडून परत विंडोज घालून घेतलं आणि अक्काला दम दिला, "गेमचं नाव काढायचं न्हाई. लग्न ठरलं की यंत्र भावाला परत." अक्कानं डॉस आणि गेम असलेली फ्लॉपी तेवढी जपून ठेवली.

पाहुणे आले. पोहे झाले. लॅपटॉप टेबलावर, पडद्यावर ढगांचं चित्र. मुलाचे मामा "वा!" म्हणतायत तोवर लाईट गेली. आली, तर विंडोज म्हणतंय, मला नीट बंद केलं नव्हतं, आधी तपासणी करणार. पट्टी मुंगीच्या चालीनं सरकतेय आणि सगळी मंडळी टक लावून तिच्याकडं बघत बसलीयेत!

अक्का उठली. ती फ्लॉपी घातली, यंत्र बंद करून चालू केलं. गेम हजर.

"ते ढगबिग तुमच्यासाठी घातलंय, मामा. मी रोज हे खेळते. लग्नानंतर पण खेळणार."

आबांनी कपबशी आपटून ठेवली. मुलगा मात्र पुढं सरकला. "मी बघू का खेळून?"

"गप बस रं खाली!" मामा ओरडले.

आणि तो बसला. खरंच बसला, मान खाली घालून!

अक्कानं त्याच्याकडं एकदा बघितलं. "मग ऱ्हाऊ द्या. माझ्याकडनं नकार समजा."

यंत्र तिनं काही परत दिलं नाही. आबांनी बोलणं टाकलं. थोड्या दिवसांनी ती नोकरी शोधायला पुण्याला निघाली. कंडक्टर यंत्राची पिशवी वर टाकायला लागला, तर तिनं ती हिसकून मांडीवर घेतली. आबा आले होते, पण लांब उभे. एसटी हलली तेव्हा खिडकीला हात लावून चालायला लागले. गाडीनं वेग घेतला तसा हात सुटला.

तुमच्या घरात झालंय का असं? भरल्या बैठकीत कुणीतरी उठून खरं काय ते दाखवलं? आणि तुम्ही तेव्हा कुणाच्या बाजूनं बोललात?