हातातून बाण ओढणारा धडा

अगं, जरा कान इकडे कर बघू. पुण्यात बसून फोनवर कौतुकाने सांगतेस, "मावशी, मी कंप्यूटर शिकवायचे धडे बनवते," आणि असले धडे कुणाच्या गळ्यात पडतात हे एकदा तरी विचारावंस की नाही? रागावत नाहीये. बरं, थोडी रागावतेय. ऐक.

इकडे हिंदी मुलखात, कंपू मोहल्ल्यातल्या एका खाजगी दवाखान्यात मी पर्चे, म्हणजे तुमचे केसपेपर, बनवायच्या खिडकीवर बसते. तुझे काका गेल्यावर या खिडकीनेच मला उभं धरलं. कॉलेज मी पाहिलं नाही. आधी रजिस्टर, मग कंप्यूटर, सगळं बघून बघून शिकले. यंदा नवीन सॉफ्टवेअर आलं आणि मॅनेजर म्हणाला, आधी सरावाचा धडा पास करा, नाहीतर खिडकी सोडा आणि मागे स्टोअरमध्ये बसा.

धड्यात खोटा मरीज, खोटा पर्चा. माउसने पडद्यावरचा बाण न्यायचा आणि एकेक चौकोन भरायचा: नाव, पतीचं नाव, वय, गाव. आता माझी रीत निराळी. आमच्याकडे खेड्यांतून येणाऱ्या म्हाताऱ्या नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. मी तरी काकांचं नाव उखाण्याखेरीज कधी घेतलं? म्हणून तो चौकोन मी मोकळा सोडते. आधी वय, गाव, काय दुखतंय ते विचारते. नाव शेवटी सोबतच्या कुणाकडून घेते. इतक्या वर्षांत माझी रांग कधी अडली नाही.

धड्यात मी बाण वयाकडे नेला, तर तो आपोआप परत पतीच्या नावावर! पुन्हा नेला, पुन्हा मागे. माउस माझ्या मुठीत आणि बाण दुसऱ्याच्या मर्जीने चाललेला. शी! भर रस्त्यात परक्याने मनगट धरून ओढावं, तशी किळस आली मला. तीनदा नापास झाले.

शिकवायला आलेल्या बाई हसायला लागल्या. "आंटी, माउस से कुश्ती लड़ रही हो क्या? छोड़ दो ना."

"छोड़ दूँ तो सीखूँगी क्या?"

"सीखना किसको है? पास होना है."

चौथ्या वेळी खरंच सोडलं. हात मांडीवर ठेवले. बाण आपला आपण फिरला, चौकोन आपले आपण भरले, आणि शेवटी हिरवी चौकट आली: शंभरपैकी शंभर. कंप्यूटरातून टाळ्या वाजल्या. मॅनेजरला जाऊन सांगितलं, "भैया, मैंने तो हाथ भी नहीं लगाया."

"काकी, सर्टिफिकेट छप गया. अब चाय पियो."

खिडकी वाचली गं. पण अशी वाचलेली खिडकी उष्ट्या ताटासारखी वाटते.

सोमवारी खरं सॉफ्टवेअर सुरू झालं. त्यात बाण कुणीच ओढत नव्हतं! पाहिजे त्या चौकोनात आधी जा. पण शेजारच्या खिडकीवरच्या मुलीला हे सांगणार कोण? ती धड्यातलाच क्रम धरून बसलेली. समोर तापाने फणफणलेली एकटी म्हातारी.

"अम्मा, पति का नाम बोलो."

म्हातारीने पदर तोंडावर ओढला.

"बोलो अम्मा, नहीं तो आगे नहीं बढ़ेगा!"

रांग ओरडायला लागली. म्हातारी तशीच परत निघाली. मी उठले, तिला हाताला धरून माझ्याकडे आणलं. वय विचारलं, गाव विचारलं, ताप किती दिवसांचा ते विचारलं. तेवढ्यात तिने पिशवीतून एक जुना पर्चा काढला आणि नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. झालं काम.

ती मुलगी माझ्या पडद्यात डोकावली. "काकी, ये खाली छोड़ सकते थे?"

तिचा काय दोष? तिला कधी सोडूच दिलं नव्हतं. शिसारी आली ती त्या धड्याची. बनवणारं कुणी घटकाभर तरी खिडकीसमोर उभं राहिलं असेल का?

पुढच्या महिन्यात आणखी दोघी येणार आहेत, आणि त्यांनाही तोच धडा. मी म्हटलं, मी शिकवते, माझ्या शेजारी बसवून. तर मॅनेजर विचारतो, "सर्टिफिकेट कौन देगा?" आता यावर मी काय बोलू? बोलशील तर तूच, धडे बनवणारीचं तो ऐकेल. त्या यायच्या आत ये. शिंदे की छावनीत माझ्या घरी उतर, एक सकाळ माझ्याजवळ स्टुलावर बसून बाया कशा बोलतात ते बघ, आणि मग मॅनेजरशी बोल. लवकर ये, बाई.