मुराळी जेवत होता

हे बायकोलाही ठाऊक नाही. एकदा आईच्या फोटोसमोर सांगायला बसलो होतो. उदबत्ती संपली, तोंड उघडलं नाही. आता तुम्ही समोर आहात, तर ऐका.

आमच्या खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. पण आपल्या आपण नाही. भाऊ मुराळी होऊन न्यायला गेला, तरच सासरचे पाठवतात. माझी थोरली बहीण, अक्का, भडगावला दिलेली, आम्ही अमळनेरचे. त्या वर्षी आईनं कडुनिंबाला झोका बांधून ठेवला होता — दोन लेकरांची आई झालेल्या लेकीसाठी! हसू नका.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी जळगावात पाइपांच्या कारखान्यात नोकरीला. अखाजीच्या आदल्या दिवशीची रजा मिळाली होती. दुपारी एकची भडगावची एसटी धरायची, अक्काला घेऊन घरी यायचं. साहेब एवढंच म्हणाले, जाता जाता हॉटेलात निरोप दे — परदेशी पाहुण्यांचं विमान रद्द झालंय, जेवण नको.

निरोप द्यायचा आणि निघायचं. इतकं सोपं होतं ते.

हॉटेल तेव्हा गावातलं सगळ्यात भारी. पाहुणे भूमध्य समुद्राकडचे, म्हणून तिकडचे पदार्थ करायला मुंबईहून खास आचारी आणलेला. माझा निरोप ऐकून त्याचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस राबला होता बिचारा. म्हणाला, "साहेब, निदान तुम्ही तरी बसा."

साहेब — मला! वेटरनं खुर्ची मागे ओढून दिली, मांडीवर पांढरा रुमाल पसरला. एक बशी खाऊन उठू, म्हटलं.

पण ते जेवण आपल्यासारखं एकदम ताटात येत नाही. तळहाताएवढी बशी, तिच्यात दोन घास, मग वाट बघा. ऑलिव्ह आले. खारट, कडवट, मुळीच आवडले नाहीत, तरी मान डोलावली. मग वाटलेले छोले, मग कसलीशी कोशिंबीर, आणि चौथ्या बशीत — भरीत. काय सांगू, भाजलेल्या वांग्याचं भरीत! मिरचीऐवजी लिंबू आणि तिळाचं वाटण, पण धुराचा वास तोच, अक्काच्या भरताचा. घड्याळात साडेबारा झाले होते. स्टँड दहा मिनिटांवर.

तिथं उठायला हवं होतं, नाही का? अन्नावरून उठू नये म्हणतात, असं मी मनाशी घोकलं. खोटं. पुढच्या बशीत काय येतं ते मला बघायचं होतं. आणि ते 'साहेब' पुन्हा ऐकायचं होतं. एवढ्या मोठ्या थंडगार दालनात मी एकटा जेवत होतो आणि सुखात होतो. हो, सुखात. अक्का आठवत असतानाही. शेवटची मधातली रव्याची वडी संपली तेव्हा अडीच वाजले होते.

भडगावला चारची गाडी होती. तिनं गेलो असतो, रात्रभर राहिलो असतो, तरी पहाटे अक्काला आणता आलं असतं. गेलो नाही. का? बहुतेक पोट भरलं होतं, म्हणून. सरळ अमळनेरची गाडी धरली. आई दारातच उभी, लेक आली का विचारत.

"उनी का मनी पोर?"

मी म्हटलं, साहेबांनी सोडलंच नाही.

अक्का त्या दिवशी सकाळपासून पिशवी भरून ओट्यावर बसली होती, हे नंतर कळलं. दोन दिवसांनी आईनं झोका सोडला, दोर गुंडाळून ठेवला. दिवाळीच्या आत आई गेली. आईबरोबरची ती अखाजी अक्काला आता कुठून आणून देऊ?

थंडीत भडगावला गेलो. अक्कानं माझ्यासाठी मुद्दाम भरीत केलं होतं. मी अखाजीचं काही बोलायच्या आधीच म्हणाली, "नोकरी शे रे भाऊ, तू तरी काय करशी?" मग वाढता वाढता थांबली.

"त्या दिन तू जेवना तरी व्हता का?"

जेवलो नाही, म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. तिनं माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं. मी ते खाल्लं.