निळी रेघ आणि म्हशीची धार

आता माझी कशी शोभा झाली ते ऐका. पण आधी चहाचा कप खाली ठेवा, न्हायतर अंगावर सांडंल.

मला अर्धांगाचा झटका येऊन गेल्ता. बोलणं सावरलं, पाय सावरला, पण डावा हात? नुसता लोंबतोय! जन्मभर दोन्ही हातांनी म्हशींच्या धारा काढल्या, आणि आता शर्टाची बटणं बायकोनं लावायची. कसं वाटत आसंल, सांगा की!

बायकोला संगट घेऊन शाहूपुरीत व्यायामाच्या मॅडमकडं जायचो. एक दिवस त्या म्हणाल्या, "काका, आज हातात किती जीव आहे ते बघू."

"सुई टोचणार?" मी चप्पल शोधाय लागलो.

"छे हो! नुसत्या चिकटपट्ट्या. हात हलला नाही तरी आतला स्नायू जागा झाला, की पडद्यावर रेघ उठते."

दोन्ही हातांना पट्ट्या लागल्या. पडद्यावर दोन रेघा, एक निळी, एक पिवळी. कुठली कुठल्या हाताची, ते मॅडमनी सांगितलं. पण माझं ध्यान कुठं? गादी मऊ, वर पंखा हळूहळू फिरतोय…

"डोळे मिटा. डाव्या हातानं रोजचं एखादं काम करताय असं मनात आणा," म्हणून मॅडम पलीकडच्या पेशंटकडं गेल्या.

मिटले. आणि काय सांगू, थेट गोठ्यातच की! पहाटेचं धुकं, उसाच्या पानावरनं दंव ठिबकतंय, म्हैस निवांत रवंथ करतीया, बादलीत फेस चढतोय. सुर्र… सुर्र… दोन्ही हात चाललेत. वाटलं, हितनं उठूच नये.

"अवो, बघा की!" बायको ओरडली.

डोळे उघडले. निळी रेघ ही उंच! डोंगरच!

"आला! हात आला!" मी बोंबललो.

बायकोच्या डोळ्याला पाणी. तिनं तितल्या तितं माझ्या भावाला फोन लावला, "भावजी, ह्यांचा हात आला! पेढं घेऊन या!" सगळे पेशंट टाळ्या वाजवाय लागले. ज्यांना टाळी येत न्हवती, ते मांडीवर थाप मारत होते.

मॅडम धावत आल्या. पडदा बघितला आणि हळूच म्हणाल्या, "काका, निळी उजव्या हाताची. डाव्याची पिवळी."

पिवळी? सपाट! कपडे वाळत घालायच्या दोरीगत.

"मग उजवा काय करत होता?" बायकोनं विचारलं.

उजवीकडच्या खुर्चीत कबनूरचे एक मिशाळ आजोबा आपल्या पाळीची वाट बघत बसलेले. ते म्हणाले, "पावणं, माझा अंगठा सोडता का आता? मगाधरनं पिळताय आन् 'थांब गं राणी' म्हणताय. मी राणी न्हवं, आन् ह्यातनं दूध बी यायचं न्हाय!"

अख्खी खोली हसून लोळली. मॅडमसुद्धा! मला तर लाजेनं कुठं तोंड लपवू असं झालं. गेलो झाकायला…

"काका, थांबा! तसेच राहा!" मॅडम किंचाळल्या.

पिवळी रेघ थरथरली होती. इवलीशी, पण उठली होती! तोंड झाकायला उजव्याच्या जोडीनं डावाही निघाल्ता.

भाऊ पेढं घेऊन पोचला तवा बायको रडत बी होती आणि हसत बी होती. पेढा तोंडात टाकत मॅडम तिला म्हणाल्या, "काकू, ह्यांचा हात कशानं जागा होतो ते कळलं. घरी रोज अशीच फजिती करा."

मॅडमनी सांगितलेले बाकीचे व्यायाम आमच्या घरात कधीमधी चुकतात. हा मात्र बायको दोन्ही वेळंला घेती!