लेकीच्या ताटातला मासा

माझ्या व्याह्याने माझ्या मुलीला फसवलं. मला फसवलं असतं तर मी गप्प बसलो असतो असं नाही, पण इतका पेटलो नसतो.

पारोळ्याच्या बाजारात जनावरांचे सौदे करून मी वर आलो. रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून भाव ठरवायचा, आणि ठरला की जनावर घरी पोचण्याआधी मेलं तरी शब्द फिरवायचा नाही, ही आमची रीत.

आमच्या कुळात देवीला बोकड लागतो. एका वर्षी दिला तो मुलीने बाभळीच्या शेंगा चारून वाढवला होता. त्या दिवसापासून तिने मटण सोडलं, कोंबडंही सोडलं. तापीचा मासा मात्र खायची. मी खेकसलो, "हा कुठला धर्म? जीव तो जीव!"

"आबा, माशाले मी कधी हाक मारेल नही," ती म्हणाली. "बोकड मना आवाज वळखे."

मटण कोणी नवसापायी सोडतं, कोणी माळेपायी, माझ्या बायकोने पोटाच्या दुखण्यापायी सोडलं. मुलीने आपल्या मनाने सोडलं, आणि मासा आपल्या मनाने ठेवला.

रावेरकडचं स्थळ आलं. केळीवाले, घर सगळं माळकरी. सुपारी फुटण्याआधी मी चारचौघांत म्हणालो, "पोरगी मटण खात नाही, पण मासा खाते. तो तिला मिळाला पाहिजे. नाहीतर आत्ताच उठतो."

व्याही हसले. "भाऊ, तुम्ही इथंही बाजार मांडला! खाऊ द्या की. परसात वेगळी चूल घालून देतो. आमच्या स्वयंपाकघरात नको, एवढंच."

मी कबूल झालो.

मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज. मी जायचो, ओटीवर बसायचो, उठायचो. तिच्या ताटात काय पडतं ते मला दिसणार कसं? "बरं शे ना?" विचारलं की सगळं ठीकच सांगायची, "बठ्ठं बरं शे, आबा." माहेरी आली की मासे विकणाऱ्या भोईणीने आणलेली मरळ काट्यासकट चोखायची. मला वाटायचं, आईच्या हाताची चव.

लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालं, त्या दिवसांत नातू झाला. मग त्या घरी मी पहिल्यांदा जेवायला बसलो. जेवणाला नाव ठेवणार नाही. हात धुवायला परसात गेलो तर कोपऱ्यात चूल होती. घातली होती खरी, पण तिला काजळीचं बोट लागलेलं नव्हतं. आत शेजारच्या कोंबडीने अंडी घातली होती.

"ही कधी पेटली?" मी मुलीला विचारलं. तिने पदर तोंडाला लावला. "आबा, गप राहा ना. मले आते सवय व्हई गई."

मी गप्प राहणारा नव्हे. ओटीवर येऊन तेच विचारलं. व्याही अडकित्ता चालवत म्हणाले, "बाईमाणसाच्या जिभेचे किती लाड करायचे, भाऊ? जिने बोकड सोडला तिला मासा जड आहे का? उलट पुण्यच लागलं. आमचे उपकार माना."

"बोकड तिने सोडला. मासा तुम्ही हिसकावला. वरून पुण्य सांगता?"

"आवाज खाली घ्या. पोर झोपलंय."

जावई शेजारीच बसले होते. सगळा वेळ गोधडीचा दोरा ओढत होते. मी निघालो तेव्हा पाया पडले, तेही खाली बघून.

लोक मला सांगतात, एवढ्याशा माशासाठी सोयरीक बिघडवू नका. एवढासाच होता, तर द्यायला काय जात होतं? व्याह्यांचं उत्तर मला नकोच. ते कुठल्याही गोष्टीला पुण्य म्हणतील. जावईबापू, उत्तर तुम्ही द्या. तिच्या शेजारी तुम्ही राहता. "तुला काय खावंसं वाटतं?" असं एकदा तरी तिला विचारलंत का? मला नका सांगू. तिच्यासमोर उभे राहा आणि तिला सांगा.