मामांच्या फाटकावरची बोगनवेल

पाण्याच्या बाबतीत माझ्या मामेसासऱ्यांइतका, म्हणजे बायकोच्या मामांइतका, दिलदार माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत झाला नसेल, आणि दिलदारपणाने इतकं वाटोळंही दुसऱ्या कुणी केलं नसेल. वडूजकडच्या कोरड्या रानात त्यांचं बालपण टँकरची वाट बघण्यात गेलं. पुढे साखर कारखान्यात नोकरी लागली, इस्लामपुरात घर झालं, नळाला रोज पाणी येऊ लागलं, आणि आपल्या दारातून कुणी तहानलेलं जायचं नाही असं मामांनी मनाशी ठरवून टाकलं. पार्सलवाला असो की मतं मागायला आलेला उमेदवार, आधी तांब्या पुढे येतो. मी तर जावई. "आवं पाव्हणं, अजून एक घोट," करत ते इतकं पाणी पाजतात की समोरचं जेवण मला नुसतं बघावं लागतं. शेजाऱ्यांनी गावाला जाताना आपलं हौसेचं निवडुंग त्यांच्यावर सोपवलं होतं. परत आले तेव्हा कुंडीत फक्त चिखल होता. "लय तहानल्यागत दिसत व्हतं वं," मामा म्हणाले.

अशा माणसाच्या फाटकाशी मामींनी बोगनवेल लावली, हे त्या वेलीचं नशीब. साताऱ्याला एका बंगल्याच्या कुंपणावर त्यांनी राणी रंगाची वेल बघितली होती, पान दिसू नये इतकी फुललेली. तिचीच फांदी मागून आणली. तशी वेल आपल्या दारात बघायची, एवढी एकच हौस त्या बाईंनी आयुष्यात बोलून दाखवली. बोगनवेलीला लागतं काय? भरपूर ऊन, वेळेवर छाटणी आणि कोरडी माती. मामा तिला सकाळी बादली घालायचे, संध्याकाळी बादली घालायचे, आणि दुपारी जेवून उठले की हातही तिच्याच बुडाशी धुवायचे. छाटणीला तर कुणाला हात लावू देत नसत. वेल माजली. विजेच्या तारांपर्यंत गेली, काट्यांनी माझे शर्ट फाडले, पण फूल म्हणून धरलं नाही. वर्षानुवर्षं नुसती हिरवीगार. मामी खिडकीत बसून तिच्याकडे बघायच्या आणि कपाळाला हात लावायच्या.

सांगून सांगून मी थकलो. शेवटी आटपाडीकडच्या एका रोपवाटिकावाल्याला घेऊन आलो. तो म्हणाला, "मामा, डाळिंबाला ताण देतो का न्हाई आपण? पानी तोडायचं. झाडानं तहान सोसली की मग कळी धरती. हिलाबी ताण द्या." मामांनी त्याला आधी तांब्याभर पाणी पाजलं, मग म्हणाले, "आमी जलमल्यापास्नं ताणावरच वाढलो की रं. आमाला कुटं आली फुलं?" रोपवाटिकावाला गेला आणि मामांनी वेलीला एक बादली जास्त घातली.

गेल्या हिवाळ्यात मामींचं हृदयाचं दुखणं वाढलं. पुण्याला लेकीकडे राहून तिथल्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं. घराची किल्ली आणि वेलीला पाणी घालायचं काम मामांनी माझ्यावर सोपवलं. गाडीत बसताना मामींनी मला जवळ बोलावलं. "जावईबापू, मी येस्तवर तिला थेंबभर पानी घालू नका. ह्यास्नी सांगू नका. आन् फोटूबिटू धाडू नका, मी येऊन डोळ्यांनी बघीन." मी छाटणी केली, पाणी तोडलं. पानं मलूल झाली, गळाली, आणि महाशिवरात्रीच्या सुमाराला शेंड्याशेंड्याला रंग फुटला. बघता बघता फाटक दिसेनासं झालं. रस्त्याने जाणारे थांबून फोटो काढायचे.

मामी ते बघायला आल्याच नाहीत. पुण्यातच गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर मामांना मीच इस्लामपूरला घेऊन आलो. फाटकाशी त्यांनी वाकून वेलीच्या बुडाची माती चाचपली. मग म्हणाले, "पानी न्हाई घातलं व्हय हिला?" मी मामींचं बोलणं सांगितलं. मामांनी एक फूल दोन बोटांत धरून बघितलं. "तहानंनं फुललीय वं ही," म्हणाले आणि आत जाऊन बादली भरून घेऊन आले. वेलीच्या बुडाशी ठेवली, पण उचलेनात. "ती येस्तवर घालू नका म्हणली न्हवं? मग? ती कुटं आलीया अजून?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मामा बादली भरून फाटकाशी बसतात. "उद्या घालू बाई, उद्या," असं वेलीला सांगतात आणि अंधार पडला की ती बादली शेजारच्या म्हशीपुढे ठेवून येतात. आता फुलं वाळायला लागली आहेत, फांद्या कडकड मोडतात. जन्मभर ज्यांना पाणी आवरा म्हणून सांगितलं, त्यांनी एकदा ती बादली ओतावी म्हणून माझा जीव तुटतो. परवा राहवलं नाही, मीच बादलीला हात घातला. मामांनी माझं मनगट धरलं. मग उठून आत गेले आणि तांब्या घेऊन आले. "तुमी तरी घ्या, पाव्हणं," म्हणाले. मी नको न म्हणता सगळा तांब्या रिकामा केला.